रक्त तू काढ, निष्कर्ष आम्ही काढतो

"ही आमची रक्त काढणारी," सर म्हणाले. "मुलाण्याची मुलगी आहे. हात अजिबात थरथरत नाही हिचा. घरचंच ट्रेनिंग!"

दौंडमधल्या एका हॉस्पिटलची वरची खोली. टेबलावर चहा, वेफर्स, सफरचंदाच्या फोडी. दिल्लीहून आलेले तीन पाहुणे, इथले दोन-चार डॉक्टर आणि आमची पुण्याची अख्खी लॅब. एका पाहुण्याला मुलाणी म्हणजे काय ते कळेना. तर सरांनी स्वतःच्या गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं. मग तोही हसला. सगळेच हसले.

मीपण हसले.

हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी कुणी मोठी वाघीण होते असं कुणाला वाटायला नको. हातात बर्फाची पेटी होती, पेटीत सकाळपासून गोळा केलेलं रक्त होतं, आणि मी दात काढून हसत होते. मग एसटीत बसले. यवत येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून रडले. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय गं, कुणी गेलं का?" मी म्हटलं, "न्हाई." तिनं पिशवीतला पेरू काढून माझ्या हातावर ठेवला.

आमचं गाव यवतपासून आत. अब्बा गावचे मुलाणी. जत्रा असो, नवस असो, पाटलाच्या नातवाचं जावळ असो, अब्बांनी सुरी फिरवल्याशिवाय बकऱ्याचं मटण कुणी चुलीवर चढवायचं नाही. गावाची रीतच तशी. बकरं हिंदूच्या घरचं, सुरी आमची. मानाचा वाटा मिळायचा. पण जेवायला बसायची जागा ओसरीच्या खालीच. लहानपणी मी अब्बांच्या मागं मागं जायचे. ज्यांना रक्ती करून खायची असायची त्या घरची बाई खाली ताट धरायची. आमच्यात रक्त खात नाहीत, त्यामुळं मी नुसती बघत बसायचे. अब्बा सुरी धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळेपर्यंत ताटातलं रक्त थिजलेलं असायचं. ताट तिरकं केलं तरी हलायचं नाही. मला अ-आ-इ-ई यायच्या आधी हे ठाऊक होतं.

तर अशी मी. एमएस्सी पहिल्या वर्गात, नेट पास, आणि पुण्यातल्या एका नामांकित संस्थेत पीएचडीला लागलेली. त्या काळात आमच्या आळीतली मुलगी बारावीला गेली तरी लोक वळून बघायचे.

सर आम्हाला कायम सांगायचे, आपलं रिसर्च ट्रान्सलेशनल आहे. म्हणजे बाटलीत लागलेला शोध बाटलीतच मरायचा नाही, पेशंटच्या खाटेपर्यंत पोचला पाहिजे. "बेंच टू बेडसाइड!" असं म्हणताना ते हात लांब करून दाखवायचे. आमचं काम सापाच्या विषावर. लॅबनं एक कागदाची पट्टी बनवली होती. तिच्यावर पेशंटच्या रक्ताचा थेंब टाकला की घोणस चावलीय का नाही ते रेघ उठून सांगणार. ती पट्टी खरं बोलते का, हे ताडून बघायला एक जुनी साधी चाचणी होती. पेशंटचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत घ्यायचं. वीस मिनिटं हात लावायचा नाही. मग नळी एकदाच वाकडी करायची. रक्त थिजलेलं असलं तर बरं. पाण्यासारखं वाहिलं तर घोणशीचं विष अंगात भिनलंय, सापाचं इंजेक्शन लगेच चालू करा.

आम्ही दोघी एकाच दिवशी लागलो. केतकी आणि मी. एकच फेलोशिप, एकच गाइड. केतकीचं ट्रेनिंग लॅबमध्ये. पट्टी बनवायला ती शिकली, मशीन चालवायला ती शिकली. पेपर कसा लिहायचा, बंगलोरला जाऊन इंग्रजीत कसं बोलायचं, सगळं सरांनी तिला शेजारी बसवून शिकवलं. माझं ट्रेनिंग शिरूर ते दौंड. शिरूर-चौफुला रस्त्यावर जीपच्या मागच्या फळीवर, मांडीवर बर्फाची पेटी. तिथल्या हॉस्पिटलात सापाचा पेशंट आला की रक्त काढ, नळीत घाल, घड्याळ बघ, नळी वाकडी कर, वहीत लिही, पुण्याला पोचव.

एकदा मी धीर करून म्हटलं, "सर, मलापण पट्टीचं काम शिकवा ना."

"अगं, तुला लोकांत मिसळायची सवय आहे. केतकीला जमेल का ते? प्रत्येकानं आपापल्या पिंडाप्रमाणं काम करावं."

पिंडाप्रमाणं! माझ्या पिंडात जीपची फळी लिहिलेली, हे मला तेव्हा समजलं. तरी गप्प बसले. कारण सोपं होतं. दर वर्षी प्रगतीचा अहवाल जायचा. त्यावर गाइडची सही पडली नाही तर फेलोशिप बंद, नोंदणी रद्द, पीएचडी संपली. मला पीएचडी पाहिजे होती. इतकी पाहिजे होती की झोपेतसुद्धा मी माझ्या नावामागं डॉक्टर लावून बघायचे.

पहिली दोन वर्षं नळ्या खोक्यातून नव्याकोऱ्या यायच्या. मग सरांनी ठरवलं, वापरलेल्या धुऊन परत पाठवायच्या. आमची लॅब धुण्यापुसण्यात भारी कडक. चपला बाहेर, हात कोपरापर्यंत. नळ्या साबणाच्या पाण्यात भिजवायच्या, ब्रशनं घासायच्या, भट्टीत वाळवायच्या. अशा लख्ख निघायच्या की त्यांत तोंड दिसावं. खेड्यातल्या दवाखान्यात मी त्या नळ्या मांडायचे तेव्हा मलाच ऐट वाटायची. सिस्टरना म्हणायचे, बघा, आमच्याकडं असं असतं.

तिसऱ्या वर्षी, ऑगस्टात, शिरूरला सोपानमामा आले. तळेगाव ढमढेऱ्याचे, दुसऱ्याच्या उसात खुरपायला जाणारे. सरीत काहीतरी पायाला डसलं, काय ते दिसलं नाही. भीतीनं माणूस अर्धा झालेला. डोळे फिरवत होते, बायको पदर तोंडात कोंबून उभी. मी रक्त काढलं. नळीत घातलं. वीस मिनिटं झाली, नळी वाकडी केली.

वाहिलं. पाण्यासारखं.

"डॉक्टर, वाहतंय," मी म्हटलं. तिथले डॉक्टर तरुण, चांगले. आमच्या नळीवर त्यांचा विश्वास. त्यांनी इंजेक्शनची बाटली चालू केली. दहा-पंधरा मिनिटांत सोपानमामांच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या. ओठ सुजले. श्वास कोंडला. ते छातीवर हात मारत होते आणि आवाज निघत नव्हता. डॉक्टरांनी बाटली बंद केली, दुसरी इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला. मी भिंतीला टेकून उभी. वाचले ते. पण तो निळा पडलेला चेहरा मी विसरलेले नाही, विसरायचाही नाही.

तेवढ्यात त्यांचा धाकटा भाऊ युरियाची गोणी घेऊन आला. गोणी फरशीवर उपडी केली. मेलेला साप.

"ही तर धामण आहे," डॉक्टर म्हणाले.

"व्हय, धामणच हाय. आम्हाला काय वळखू येत न्हाई व्हय? म्हणून तर आणली दाखवाया," भाऊ म्हणाला. "मंग दादाला ह्ये काय केलं तुम्ही?"

धामणीला विष नसतं, हे तळेगावातलं शेंबडं पोरगंही सांगेल. मग नळीत रक्त वाहिलं कसं? मी सोपानमामांच्या दंडाकडं बघितलं. जिथं मी सुई टोचली होती तिथलं रक्त कवाच थिजून त्याची खपली धरायला लागली होती. माणसाच्या अंगावर थिजतंय आणि आमच्या नळीत वाहतंय. माझ्या डोळ्यांपुढं ते जत्रेतलं ताट आलं. चांगलं रक्त किती वेळात धरतं हे मी हजारदा बघितलेलं. माझं डोकं खोटं बोलेल, डोळे नाही.

मी बाही वर केली. सिस्टरना म्हटलं, "माझं काढा." थोडं आमच्या लख्ख नळीत घातलं. थोडं डॉक्टरांच्या कपाटातल्या कोऱ्या नळीत. डॉक्टर मामांपाशीच होते; वीस मिनिटं मी आणि सिस्टर घड्याळाकडं बघत बसलो. कोऱ्या नळीतलं रक्त गच्च थिजलं. आमच्या नळीतलं खळखळ वाहिलं. नळीच्या म्हणण्याप्रमाणं मला घोणस चावली होती आणि मी उभ्या उभ्या मरायला पाहिजे होते!

साबण. काचेला धरून राहिलेला साबण. धुऊन धुऊन आम्ही नळ्या अशा करून ठेवल्या होत्या की त्यांत धडधाकट माणसाचं रक्तही थिजेना. म्हणजे धुतलेल्या नळ्या आल्यापासूनच्या आठ महिन्यांच्या नोंदी गेल्या. पट्टीला खरं ठरवणारे आकडे गेले. केतकीच्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण गेलं. आणि किती जणांना फुकट इंजेक्शन टोचलं गेलं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी पुण्यात सरांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे करायला तुला कोणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही, सर. पण नळ्या..."

"हे बघ. रक्त तू काढ. निष्कर्ष आम्ही काढतो."

दोन दिवसांनी परत बोलावलं. एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. त्यात लिहिलं होतं की शिरूर भागात माझ्या निष्काळजीपणामुळं काही नळ्या अस्वच्छ राहिल्या, सबब त्या दोन आठवड्यांच्या नोंदी वगळाव्यात. बाकी आठ महिने जसेच्या तसे. खाली माझं नाव, सहीला जागा.

"सही कर. मी तुझ्या अहवालावर करतो. विषय संपला."

"सर, नळ्या मी धुतल्या नाहीत. इथंच धुतल्यात."

"आमच्या लॅबमध्ये स्वच्छतेचा प्रॉब्लेम असेल, असं तुझं म्हणणं आहे?" ते हसले. खरंच हसले. "अगं, शेवटी घरचे संस्कार असतात. तुमच्याकडं कसं काय असतं, मला माहीत नाही का? मी कुठं बोलून दाखवतोय."

डोक्यात तिडीक गेली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ते हेच. पण कागद घेतला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. तीन वर्षांची सवय, अशी एका दिवसात सुटते थोडीच.

घरी गेले. अब्बा अंगणात खाटेवर बसलेले. त्यांना इंग्रजी येत नाही, मराठी वाचता येतं तेही जेमतेम. मी कागदात काय लिहिलंय ते सांगितलं. सही नाही केली तर पीएचडी जाईल तेही सांगितलं.

"नळ्या तू धुतल्या व्हत्या?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मंग सही कशाची?"

"अब्बा, सगळं जाईल. तीन वर्षं."

ते तंबाखू मळायला लागले. मग म्हणाले, "तू ल्हान व्हती तवाची गोष्ट. जत्रंला पाटलाचं बकरं आणलं. मी बघितलं, डोळं पिवळं, तोंडाला फेस. म्हणलं, ह्ये आजारी हाय, मी सुरी लावत न्हाई. पाटील म्हणला, काप की, तुझ्या बापाचं काय जातंय? म्हणलं, आप्पा, खानारं माझ्या सुरीच्या भरवशावर खात्यात. त्या वरसाला मानाचा वाटा न्हाई भेटला. पुढच्या वरसालाबी न्हाई. पन सुरी न्हाई लावली."

मला हे कधी सांगितलं नव्हतं त्यांनी. मला इतकी लाज वाटली की बसवेना. ज्या माणसाच्या नावावर दौंडला गळ्यावरून बोट फिरलं, तो माणूस तीस वर्षं हेच करत आलेला. खाणाऱ्याची जबाबदारी कापणाऱ्यावर. ट्रान्सलेशनल रिसर्चचं जे ट्रेनिंग मला तीन वर्षांत कुणी दिलं नाही, ते अब्बांनी तंबाखू मळता मळता दिलं. आणि मी त्या पाहुण्यांबरोबर हसले होते! मी त्यांच्या पायाशी बसून हमसून हमसून रडले. ते म्हणाले, "रडू नक्को. चा पी."

पुढच्याच महिन्यात शिरूरला बैठक होती. तेच दिल्लीचे पाहुणे, तेच डॉक्टर, तेच वेफर्स. सरांनी पट्टीचे आकडे दाखवले. सगळे माना डोलवत होते. शेवटी सर रिवाज म्हणून म्हणाले, "फील्डमधून काही अडचणी?" माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

मी उभी राहिले. "सर, वीस मिनिटं पाहिजेत," मी म्हटलं. पिशवीतून दोन नळ्या काढून टेबलावर ठेवल्या. एक आमच्या लॅबमधली धुतलेली, एक कोरी. सुई काढली.

"सर, हात द्या."

"काय चेष्टा लावलीय ही?"

"तुमचं रक्त घेते. निष्कर्ष तुम्हीच काढा."

सरांनी हात टेबलाखाली घेतला. मी सुई धरून उभी, आणि कुणी हलेना. वाटलं, संपलं, आता हाकलून देतील. तेवढ्यात खुर्ची सरकली. केतकी. ती आली, माझ्यासमोर बसली, बाही वर केली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिचं प्रकरण त्या नळीत होतं, तिला ते माझ्याइतकंच कळत होतं. "काढ," ती म्हणाली.

काढलं. दोन्ही नळ्यांत घातलं. सरांनी पुढची स्लाइड लावून बघितली, पण कुणाचं लक्ष नव्हतं. चहा आला, कुणी उचलला नाही. वीस मिनिटं झाली. मी आधी कोरी नळी वाकडी केली. गच्च. मग आमची. रक्त काठापर्यंत वाहत आलं.

केतकीला कुठलाही साप चावलेला नव्हता.

मग मी तो टाइप केलेला कागद काढून टेबलावर उघडा ठेवला. म्हटलं, "यावर मी सही करणार नाही. नळ्या लॅबमध्ये खराब झाल्या, आठ महिने झाल्या, आणि त्यातल्या एका नळीपायी तळेगावचा माणूस मरता मरता वाचला. ती नळी मी वाकडी केली होती, तेवढा दोष माझा. आणि सर, दौंडला तुम्ही गळ्यावरून बोट फिरवलंत तेव्हा मी हसले होते. ते हसणं मी परत घेते. माझा बाप मुलाणी आहे. तो आजारी जनावराला सुरी लावत नाही."

आवाज फाटला शेवटी. फाटू दे. बोलले ते बोलले.

सरांनी माझ्या अहवालावर सही केली नाही. फेलोशिप बंद झाली, नोंदणी गेली. नळ्या परत खोक्यातून नव्या यायला लागल्या म्हणे. आठ महिन्यांचे आकडे गुपचूप काढून टाकले, पण का काढले ते कुणी कुठं लिहिलं नाही. सर अजून हात लांब करून बेंच टू बेडसाइड म्हणतात.

मी तळेगाव ढमढेऱ्याला गेले. त्या दिवशी बाजार होता, सोपानमामा घरीच होते. उंबऱ्यात उभी राहून मी सांगितलं, "मामा, तुम्हाला त्या इंजेक्शनाची गरज नव्हती. नळी आमची खराब होती. चूक आमची, त्यात माझीपण."

त्यांनी विचारलं, "मंग ह्ये तवाच का न्हाई सांगितलं?"

"त्या दिवशी संध्याकाळी कळलं. फक्त सरांना सांगितलं, आणि माझी पीएचडी वाचवायला महिनाभर गप्प बसले."

"आन् त्या महिन्यात आनिक कुनाला टोचलं असतं तर?"

त्यांनी आत ये म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. बरोबर केलं त्यांनी. मी तशीच रस्त्यावर येऊन जीपची वाट बघत उभी राहिले.

त्यानंतर दुसऱ्या एका संस्थेत फॉर्म भरला. मुलाखतीला बसले. सगळ्या शहाण्यांनी बजावलं होतं, आधीचा गाइड का सोडला विचारतील, तर घरगुती कारण सांग, लग्नाचं चाललं होतं म्हण. विचारलंच. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. बापाचा धंदा सांगितला, नळ्या सांगितल्या, सोपानमामा सांगितले, तो गप्प बसलेला महिनाही सांगितला. त्यांनी पाणी पिऊन घेतलं आणि फॉर्म परत केला. अशा मुली लॅबचं वातावरण बिघडवतात, असं कुणीतरी नंतर म्हणाल्याचं कानावर आलं.

बिघडू दे. वातावरणच तसलं असेल तर मी जिथं जाईन तिथं बिघडवीन. पुढच्या महिन्यात अजून एक मुलाखत आहे, तिथंही हेच सांगणार, एक अक्षर गाळणार नाही. पीएचडी मी करणार. कुणाच्या उपकारानं नाही, आणि कुणाच्या चुकीवर सही करून तर मुळीच नाही. उद्या माझ्या हाताखाली पोरं शिकायला आली तर त्यांना पहिल्या दिवशी हेच शिकवीन, की चूक दिसली तर त्याच दिवशी बोला, महिनाभर थांबू नका. ज्यांना हे चालत नसेल त्यांनी खुशाल फॉर्म परत द्यावा. मी दुसरा भरते.